उंदीरवाटा

एकतीस वर्षांनी घरी येणारा माणूस फाटकाशी जरा घुटमळेल, हे ताईने धरूनच ठेवलं होतं. धाकटा घुटमळला खरा, पण त्याचं कारण वेगळंच निघालं. गाडीतून उतरून तो शेडच्या दिशेने चार पावलं आला, मग मागे वळला आणि गाडीच्या दाराची मूठ ओढून पाहिली. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ओढून झाल्यावर कुठे त्याने मान वर करून शेडकडे पाहिलं. केस पार पिकले होते. गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि मिशी यावी म्हणून रोज दाढी करायचा.

"मोजू नकोस आत्या," ग्राइंडरची पेटी उचलून मागून येणारी त्याची मुलगी म्हणाली. "गाडी तीन वेळा, कुलूप तीन वेळा, गॅस तीन वेळा. आई म्हणायची, एक दिवस तरी दोनात भागवा. आम्ही आता मोजणं सोडलंय."

भाची हसत होती म्हणून ताईही हसली. भाचीला ती आज पहिल्यांदाच बघत होती, तरी ती आपलीच आहे हे सांगायला कुणाची गरज नव्हती. नखांत ग्रीस, मनगटावर रेझिनचे वाळलेले पांढरे थेंब, आणि शेडमध्ये पाऊल टाकताच नाक वर करून घेतलेला वास. खाण तशी माती. बापाने बोटीचं तोंड न बघण्याची शपथ घेतली, आणि लेकीने पोटासाठी धंदा निवडला तो जुन्या फायबरच्या बोटी दुरुस्त करण्याचा.

तिनेच आजोबांना, म्हणजे अण्णांना, पत्र लिहिलं होतं. शेड बंद होणार असं ऐकलं, ताडपत्रीखालची सात नंबरची बोट भंगारात घालू नका, मी येऊन उघडून बघते, असं. बोटी बांधायची ती शेड बंद होणार होती, कारण रेझिनचा वास ताईच्या छातीला सोसेना आणि डॉक्टरांनी आता पुरे म्हणून हात जोडले होते. अण्णांनी उत्तर लिहिलं ते दीड ओळीचं. ये. बापाला आण. बोटीची जमीन उघडायची ती सगळ्यांसमोर. ते पत्र पेटीत टाकायला ताईच गेली होती, आणि तेव्हापासून अकरा रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता.

चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा शेडच्या मधोमध पत्र्याच्या खुर्चीत बसले होते. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना तीच जागा लागायची. धाकटा पुढ्यात येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघितलं.

"आलास."

"आलो अण्णा."

"वजन कमी झालंय तुझं."

"वय झालं."

बापलेकांचं एकतीस वर्षांचं बोलणं एवढ्यात आटपलं. धाकटा मग काकूकडे वळला. काकू ताईच्या कामाच्या टेबलाशेजारी, आपल्या नेहमीच्या खुर्चीत, त्याच्याकडे पाठ करून बसली होती. ताईने तिला सकाळीच सांगितलं होतं, तुला नको असेल तर घरात बस, मी काहीतरी सांगेन. काकू म्हणाली होती, "माझा नवरा ज्या बोटीने गेला ती उघडणार, आणि मी घरात बसून डाळ निवडू?" आली होती, पण तोंड फिरवून. पुतण्या मागे उभा आहे हे कळूनही ती वळली नाही. तो थोडा वेळ थांबला आणि बाजूला झाला.

ताईचा उजवा हात डगल्याच्या खिशात होता. खिशात एक वस्तू होती. ती तिने पहाटे वरच्या फळीवरच्या डब्यातून काढून आणली होती, का ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

ताडपत्री ओढल्यावर सात नंबर उघडी पडली. चौदा फुटांची, बसकी, तोऱ्यात नाक वर केलेली, एके काळी लाल. चौघं बसून पाण्यावर फिरून यावं, एवढाच तिचा जन्म. रंग विटला होता तरी तिची कड अजून आरशासारखी होती. भाचीने तळव्याने ती चाचपली.

"कुणाचा हात हा? असं रोलर फिरवणारं आता कुणी राहिलं नाही."

"तुझ्या आत्याचा," धाकटा म्हणाला. "तिने एकटीने केलेली पहिली बोट. काका म्हणायचे, हिच्या बोटीवर माशी बसली तर घसरून पडेल."

काकूच्या पाठीत किंचित हालचाल झाली. नवऱ्याची ती म्हण तिने बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

ज्यांनी बोट नुसती बसायला वापरली त्यांना हे ठाऊक नसतं, पण बोटीत पाणी यायचंच. पावसाचं, लाटेचं, ओल्या पायांचं. ते येऊ न देणं कुणाच्या बापाला जमत नाही. आलेलं बाहेर घालवता येतं. पायाखालच्या जमिनीच्या खाली, म्हणजे बोटीच्या पोटात, तळाला ताकद देणाऱ्या आडव्या फळ्या असतात. सात नंबरात चार होत्या. प्रत्येकीच्या तळाशी अंगठा जाईल एवढं भोक ठेवायचं. नाकाकडचं पाणी या कप्प्यातून त्या कप्प्यात सरकत मागे येतं आणि मागच्या भिंतीतल्या शेवटच्या भोकाने बाहेर पडतं. बोट ट्रेलरवर असताना ते भोक उघडं. पाण्यात सोडताना त्याला पितळी बूच. आतल्या भोकांना काकांनी उंदीरवाटा हे नाव ठेवलं होतं, आणि त्या ठेवायची त्यांची रीतही ठरलेली होती. फळ्यांवर काचधाग्याची मॅट आणि ती चिकटवणारं रेझिन चढवण्याआधी प्रत्येक भोकात तेल लावलेली एकेक काडी खुपसायची, आणि रेझिन आळायला लागलं की ती काढून घ्यायची. काड्या घातल्या नाहीत तर रेझिन ओघळून भोक बुजतं. वरून जमीन बसली की मग ते कुणालाही दिसत नाही.

बुचाची रीत अण्णांची. बोट पाण्यात सोडताना एकाने मोठ्याने विचारायचं, बूच लावलं? लावणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, लावलं. आणि बोट वर ओढली की आधी बूच काढायचं, मग बाकीचं जग. दोन्ही पोरांच्या हाताला त्यांनी ते इतकं भिनवलं होतं की झोपेतही हात तिकडे गेला असता.

धाकटा गेला त्या वर्षी दोन दिवस पाऊस लागला होता आणि सात नंबर अंगणात ट्रेलरवर उघडीच होती. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून धाकटा आणि काका चाचणीला तिला घेऊन गेले. काका पुढे नाकाशी बसले. लांबच्या तरंगत्या बोयाला वळसा घालताना समोरून एका मोठ्या पडावाची लाट आली, सात नंबरने नाक खाली घातलं ते वर काढलंच नाही. धाकट्याने काकांना शोधायला किती बुड्या मारल्या ते बघणाऱ्यांनी मोजलं होतं. काका सापडले ते ऊन कलल्यावर. त्याआधी बोट दोरांनी काठच्या उतारावर ओढून आणली तेव्हा मागच्या भिंतीतलं भोक उघडं होतं, बूच नव्हतं. अण्णांनी चारचौघांत धाकट्याच्या थोबाडीत मारली. "मी लावलं होतं" एवढंच तो म्हणत राहिला. चार दिवस म्हणाला, पाचव्या दिवशी फाटकातून निघून गेला.

"जमीन कुठून कापू आजोबा?" भाचीने डोळ्यांवर चष्मा चढवला.

"नाकाकडून."

"तिकडून का? सगळे तर मागून..."

"मी सांगतोय ना, नाकाकडून." सुंभ जळला तरी पीळ जायचा नव्हता.

ग्राइंडर सुरू झाला आणि शेडभर पांढरी धूळ उडाली. ताई तोंडावर फडकं धरून भिंतीशी उभी राहिली. तिला काय दिसणार ते पक्कं माहीत होतं. जमीन बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी झाडताना तिला काड्यांचा डबा सापडला होता, आणि डब्यात चारच्या चार काड्या होत्या, कोरड्या, तेलाचा थेंब न लागलेल्या. रोलर गुळगुळीत फिरवण्याच्या नादात तिने त्या घातल्याच नव्हत्या. अण्णांनी विचारलं होतं, उंदीरवाटा बघितल्यास? आणि ती तोंडातली सुतळी न काढता "हं" म्हणाली होती. आज सांगते, उद्या सांगते, असे तिने आठ दिवस काढले. माशी घसरेल अशी बोट कापून उघडायची, तेही काकांनी तोंड भरून कौतुक केल्यावर, हे तिच्याने होईना. आठव्या दिवशी ऊन पडलं.

भाचीने कापलेला तुकडा पहारीने उचकटला आणि टॉर्च आत घातला. खाली वाकून ती पोटावर पालथी झाली. धाकटा तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला.

"पहिली वाट मोकळी," आतून भाचीचा आवाज आला. "दुसरी मोकळी. थांबा... तिसरी, चौथी. चारही मोकळ्या. मस्त गोल आहेत आजोबा, एकदम कंपासने काढल्यासारख्या."

ताईने तोंडावरचं फडकं खाली घेतलं. गोल? काडीने ठेवलेली वाट कधी गोल नसते. काडी ओढताना ती एका अंगाला ओठासारखी फाकते. गोल वाट ड्रिलची. कुणीतरी ही जमीन आधी एकदा उघडली होती, आत ड्रिल घातला होता आणि पुन्हा बंद केली होती. त्या थंडीत तिला दोन महिने मावशीकडे पाठवलं होतं, आणि परत आली तेव्हा सात नंबरच्या जमिनीला नवा राखाडी रंग लागला होता. पाय घसरू नये म्हणून, असं अण्णा म्हणाले होते. जी बोट पुन्हा पाण्यात घालायचीच नव्हती, तिच्यात कुणाचा पाय घसरणार होता, हे तिने विचारलं नव्हतं.

तिने अण्णांकडे पाहिलं. ते आपल्या बोटांच्या पेरांकडे बघत होते.

धाकटा उठला. गुडघ्यावरची धूळ त्याने झटकली नाही.

"संपलं म्हणायचं," तो म्हणाला. "मला उगाच वाटत होतं, काहीतरी निघेल."

"काय निघणार होतं?" अण्णांनी विचारलं.

"वाटा बुजलेल्या निघतील. त्या दिवशी बूच लावायच्या आधी मी वाकून बघितलं होतं अण्णा. दोन दिवस पाऊस, आणि भोकातून पाणी आलं पेलाभर. मी म्हटलं, वा, कोरडी आहे. नंतर कधीतरी रात्री वाटायला लागलं, पाणी पुढेच अडलं असेल तर? नाक त्यानेच जड झालं असेल तर? मग बूच मी लावलंच होतं. एकतीस वर्षं या एका गोष्टीला धरून होतो. आज वाटा मोकळ्या निघाल्या, म्हणजे विषयच मिटला." तो काकूच्या खुर्चीसमोर गेला आणि खाली बसला. "काकू, मी तेव्हा लावलं, लावलं म्हणत राहिलो. लावलं नसणार. मीच विसरलो. तू मला काहीही म्हण."

काकूने त्याच्याकडे बघितलं. मग तिचा हात त्याच्या पिकल्या केसांवर गेला.

"एवढंच म्हणायचं होतंस रे," ती म्हणाली. "तेव्हा म्हणाला असतास, तर मी तुला जाऊ दिलं नसतं."

भाचीने चष्मा कपाळावर ढकलून डोळे पुसले. अण्णांनी घसा खाकरला आणि चहा आणा म्हणाले. आणि ताईच्या लक्षात आलं की ती सुटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आता कायमची झाकली गेली होती. काकूने क्षमा केली, धाकट्याने मान्य केलं, पुरावा अण्णांनी केव्हाच ड्रिलने काढून टाकला होता. तिने नुसता चहा ओतायचा होता.

तिने चहा ओतला. काकू म्हणाली, "बस गं आता, सकाळपासून उभी आहेस," आणि स्वतःच्या खुर्चीशेजारची पेटी तिच्यासाठी सरकवली. एकतीस वर्षं त्या दोघी अशाच शेजारी बसत आल्या होत्या. काकूला मूल नव्हतं. ताईने लग्न केलं नव्हतं. काकूच्या डोक्याला तेल ताई घालायची, ताईच्या छातीला शेक काकू द्यायची.

चहा पिता पिता सगळ्यांची जीभ जरा सैल झाली. भाची बापाच्या गमती सांगायला लागली. कसा तो प्रवासाला निघालेल्या गाडीतून उतरून गॅस बघायला परत गेला होता, आणि तोवर गाडी सुटली. अण्णाही हसले.

"तुला पोहायला कुणी शिकवलं?" काकूने तिला विचारलं.

"शेजारच्या काकांनी. बाबा एकदा घेऊन गेले होते मला, मी सहा वर्षांची असेन. पोटाखाली हात धरून कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, आणि थोड्या वेळाने मला उचलून बाहेर आणून ठेवलं. मी रडले. म्हणाले, बेटा, माझ्या हाताचा भरवसा नाही, तो कधी काय विसरेल सांगता येत नाही."

"खरंच होतं ते," धाकटा म्हणाला. आणि हसला, बाकीच्यांनीही हसावं म्हणून.

ताईला हसता येईना. सकाळी फाटकाशी तिने गाडीची मूठ तीनदा ओढणारा माणूस बघितला होता, आणि ते त्याच्या स्वभावातलं वेड असेल असं मानून मोकळी झाली होती. आता तिला कळलं की ते तिच्या खिशातून आलेलं होतं. तिने कप खाली ठेवला, खिशातला हात बाहेर काढला आणि मूठ धाकट्यासमोर उघडली.

काळं पडलेलं पितळी बूच, चौकोनी डोक्याचं. डोक्यावर खिळ्याने कोरलेला सात.

"हे कुठं सापडलं?" भाची पुढे झुकली.

"सापडलं नाही. माझ्याकडेच होतं." ताईने श्वास घेतला. "त्या दिवशी बोट उतारावर ओढली तेव्हा मागच्या दोराला मी होते. बोट वर आली आणि माझा हात आपोआप गेला. सवयीने. फिरवलं, काढलं, खिशात टाकलं. मी काय करतेय ते मला कळलंही नाही, सगळं लक्ष तिकडे काकांना शोधत होते त्यात. मग अण्णा ओरडले, बूच कुठंय. मला वाटलं, खरंच कुठंय. संध्याकाळी डगला काढला तेव्हा खिशात लागलं."

बाहेर धक्क्यावर कुणीतरी पत्रा आपटत होतं.

"घट्ट होतं," ताई धाकट्याला म्हणाली. "काढताना दोन्ही हात लावावे लागले मला. तू चांगलं आवळून लावलं होतंस."

"मग बोट बुडली कशाने?" विचारलं ते काकूने.

"उंदीरवाटा मी ठेवल्या नव्हत्या. काड्या घालायच्या विसरले, आणि कळल्यावरही गप्प बसले, आठ दिवस. पावसाचं सगळं पाणी पुढे साठून राहिलं. बुचाचं सांगितलं असतं, तर मग बोट कशाने बुडली हे विचारलं गेलं असतं. म्हणून तेही नाही सांगितलं."

"पण वाटा तर मोकळ्या..." भाचीने बोटीकडे पाहिलं, आणि मग, धंद्यातली असल्यामुळे, तिने हळूहळू मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

अण्णांनी नाकारलं नाही. "बूच नसलेली बोट ट्रेलरवर दोन दिवसांत रिकामी होते," ते म्हणाले. "ही पाचव्या दिवशीही नाकात जड होती. हातोडीने वाजवून बघितलं, तर पुढे भरलेली, मागे पोकळ. तेव्हाच कळलं. पाणी पुढे अडलंय म्हणजे ते मागच्या भोकातून आलेलं नाही, म्हणजे पोराने बूच लावलं होतं. आणि लावलं होतं तर काढलं कुणी? बोट वर आली की आधी कुणाचा हात जातो? मीच शिकवलेला हात तो."

"पाचव्या दिवशी," धाकटा म्हणाला. "मी पाचव्या दिवशीच गेलो."

"तू सकाळी गेलास. मी दुपारी वाजवून बघितलं."

"मग हाक मारायची होती ना अण्णा. मी तेव्हा लांब नव्हतो. स्टेशनवर दोन दिवस होतो, तुम्ही कुणीतरी याल म्हणून."

अण्णा पुन्हा त्याच्या बुटांकडे बघायला लागले. "चारचौघांत मारलेली थोबाडीत परत घ्यायची हिंमत नव्हती. आणि भाऊ गेला होता, तू गेला होतास. हिला तोंडावर सांगितलं असतं तर हिने जिवाचं काहीतरी करून घेतलं असतं. एक तरी हात राहायला हवा होता."

"कशाला हवा होता भाऊजी?" काकूने विचारलं. "पोरगी जगावी म्हणून, का शेड चालावी म्हणून?"

"तेव्हा वाटलं, पोरीसाठी," अण्णा म्हणाले. "आता तू विचारतेस तर... शेडसाठीच असेल."

"मग आज जमीन का उघडायला लावलीत?"

"मरायच्या आधी उघडं पडावं म्हणून. मला बोलता येत नव्हतं. म्हटलं, बोटच सांगेल. वाटा पाडून मीच तिचं तोंड बंद करून ठेवलंय, हे या वयात लक्षात राहिलं नाही."

ताई काकूकडे वळली. "काकू..."

"थांब." काकूने हात वर केला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "रोज रात्री माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचीस तू. मी या पोराला शिव्याशाप द्यायचे. तू ऐकायचीस. कधी कधी म्हणायचीस, जाऊ दे गं काकू, त्रास करून घेऊ नकोस. मला वाटायचं, किती मोठ्या मनाची आहे." ती उठली. "बेटा, माझी खुर्ची तिकडे ठेव जरा. तुझ्या बाबांजवळ."

भाचीने ताईकडे न बघता खुर्ची उचलली. टेबलाजवळ जमिनीवर खुर्चीच्या चार पायांचे चार वाटोळे डाग राहिले.

धाकटा बूच दोन बोटांत धरून फिरवत होता. "चार दिवस मी याच घरात होतो, ताई," तो म्हणाला. "तू मला जेवायला वाढत होतीस."

"हो."

"तेव्हा हे कुठं होतं?"

"खिशातच."

तो आता ओरडेल, बूच फेकून मारेल, असं तिला वाटलं, आणि तसं त्याने करावं म्हणून तिने मनातल्या मनात त्याला हातही जोडले. त्याने फक्त मान हलवली, जणू कुणीतरी पत्ता सांगितला आणि तो त्याला नीट कळला. मग लेकीला म्हणाला, "तरंगवून बघायची होती ना तुला? गळती शोधायला?"

"आज राहू दे बाबा."

"आजच. ऊन आहे तोवर."

जमीन उघडी असताना बोट थोडा वेळ पाण्यात सोडतात, म्हणजे तळ कुठे पाझरतो ते वरून दिसतं. त्यांनी आधी बादलीभर पाणी नाकाकडच्या कप्प्यात ओतलं. सगळे वाकून बघत राहिले. पाणी पहिल्या वाटेतून गेलं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, आणि मागच्या भोकातून त्याची सरळ धार लागली. अण्णांनी पाडलेल्या वाटा उत्तम होत्या. एकतीस वर्षं त्यांतून थेंबही गेला नव्हता.

तिघांनी मिळून ट्रेलर उताराकडे ढकलला. काकू काठीने चालत फाटकापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. अण्णांची खुर्ची कुणी बाहेर आणली नाही, ते शेडच्या दारात चौकट धरून थांबले. मागचा दोर ताईने घेतला. तो पूर्वीपासून तिचाच. नको म्हणायला कुणी आलं नाही, तेवढ्यावरच तिने तो घट्ट धरला.

धाकटा गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने बूच भोकाला लावलं, पेचावर बसवलं आणि पान्याने आवळलं.

विचारायचं काम अण्णांचं, पण दारातून काही आवाज आला नाही. शेवटी ताईनेच विचारलं, "बूच लावलं?"

"लावलं," धाकटा मोठ्याने म्हणाला.

तो काठाकडे निघाला. चार पावलं आला, थांबला, परत गेला आणि वाकून भोकाशी हात लावून पाहिला. पुन्हा चार पावलं. पुन्हा मागे. भाचीने तोंड दुसरीकडे वळवलं. दोर ताईच्या तळव्यांत काचत होता. तो तिसऱ्यांदा वळला तेव्हा तिला राहवलं नाही.

"घट्ट आहे रे," ती म्हणाली. "मी बघितलंय ना."

"तू त्या दिवशीही बघितलं होतंस," तो शांतपणे म्हणाला, आणि वाकून त्याने पुन्हा पाण्यात हात घातला.